‘अँटे’ला ‘अँटी’ करू नका

संपादक महोदय,
स. न.

आरोग्याच्या बातम्यांत ‘अँटीनेटल तपासणी’ असे सर्रास छापून येते. मूळ शब्द ‘अँटेनेटल’, म्हणजे प्रसूतिपूर्व. लॅटिन ‘अँटे’ म्हणजे आधी, ग्रीक ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. रोमन लिपीत निदान एका अक्षराचा फरक दिसतो. देवनागरीत तोही पुसला जातो. आरएच निगेटिव्ह, म्हणजे रक्तपेशींवर ‘डी’ नावाचा घटक (प्रतिजन) नसलेल्या गरोदर बाईला साधारण २८व्या आठवड्यात ‘अँटी-डी’ इंजेक्शन देतात. त्या डी प्रतिजनाविरुद्ध ते काम करते, म्हणजे इथला ‘अँटी’ खरोखर विरोधाचा. बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाले तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा डोस द्यावा लागतो. आता पहिल्या डोसला ‘अँटीनेटल अँटी-डी’ म्हटले, तर तो आधीचा की विरोधाचा, वाचकाने कसे ओळखावे? ‘प्रसूतिपूर्व अँटी-डी’ लिहिले की प्रश्न मिटतो.

नुसत्या स्पेलिंगवर विसंबून मात्र चालत नाही. ‘अँटिसिपेटरी बेल’मधला ‘अँटि’ दिसायला विरोधाचा, पण मुळात तो ‘अँटे’च आहे. कायद्याच्या मराठीने अर्थ पाहिला आणि ‘अटकपूर्व जामीन’ असा नेमका शब्द दिला. मुद्रितशोधकाने हीच वाट धरावी.

बँकेच्या बातम्यांतला ‘अँटीडेटेड चेक’ही त्यातलाच. त्यात विरोध कशालाच नाही. लिहिला त्या दिवसाच्या आधीची तारीख घातलेला तो धनादेश. १ एप्रिल २०१२पासून धनादेशाची मुदत ६ऐवजी ३ महिने झाली, आणि ती त्यावरच्या तारखेपासून मोजतात. दोन महिने मागची तारीख घातली, तर वटवायला एकच महिना उरतो. ‘मागील तारखेचा धनादेश’ म्हणायला काय हरकत आहे?

सर्वांत जास्त घोटाळा ‘ब्रिंग फॉरवर्ड’चा. इंग्रजीत त्याचा अर्थ ठरल्या वेळेच्या आधी घेणे. भाषांतरात ते ‘परीक्षा दोन दिवस पुढे आणली’ असे उतरते. मराठीत काळाच्या बाबतीत ‘पुढे’ म्हणजे नंतर. १२ तारखेची परीक्षा १०ला होणार असते आणि विद्यार्थी १४ धरून बसतो. ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर आपल्याकडे रुळलेल्या ‘प्रीपोन’ला इंग्रजीचे अभिमानी नाके मुरडतात, पण तो शब्द कुणाची दिशाभूल करत नाही. मराठीत ‘दोन दिवस अलीकडे घेतली’ म्हणावे. त्याहून बरे, ‘१२ऐवजी १० तारखेला’ असे दोन्ही आकडे छापावेत. मग ‘पुढे’ आणि ‘मागे’ दोन्ही लागत नाहीत.

शेवटचे, मुदतींविषयी. ‘बाय ३१ जुलै’ म्हणजे ३१ जुलैपर्यंत, तो दिवस धरून. ‘बिफोर ३१ जुलै’ म्हणजे ३१ जुलैपूर्वी. त्यात ३० हा शेवटचा दिवस. सूचनेत ‘ऑन ऑर बिफोर’ असते आणि मथळ्यात जागा वाचवायला त्याचे नुसते ‘पूर्वी’ होते. तिथे अर्जदाराचा एक दिवस हकनाक जातो. ‘३१ जुलै रोजी किंवा त्यापूर्वी’ मथळ्यात मावत नसेल तर ‘३१ जुलैपर्यंत’ छापावे. अर्थ तोच राहतो, आणि ते ‘३१ जुलैपूर्वी’पेक्षा फारसे लांबही नाही.

आपला,
एक भाषांतरकार, पुणे