‘विलीन’ नव्हे, खालसा!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेच्या साम्राज्यविस्तारावरचा लेख वाचला. लेखकाचा व्यासंग मान्य, पण हवाईबद्दलचे एक वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. स्थानिक नागरिकांच्या मागणीनुसार ही बेटे १८९८ मध्ये अमेरिकेत ‘विलीन’ झाली म्हणे. मी साताऱ्याची आहे. १८४८ मध्ये आमचे राज्य गेले, त्याला आम्ही विलीन झाले असे कधी म्हटले नाही. खालसा झाले, असेच म्हणत आलो. तोच शब्द हवाईला का नाही?

मागणी कोणत्या नागरिकांची होती, हेही लेखात यायला हवे होते. १६ जानेवारी १८९३ ला ‘बॉस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरून १६२ सैनिक होनोलुलूत उतरले. दुसऱ्या दिवशी गोऱ्या व्यापारी-वकिलांच्या तेरा जणांच्या समितीने हवाईच्या राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. अमेरिकेचे तिथले राजदूत स्टीव्हन्स यांनी नव्या सरकारला लगोलग मान्यता दिली.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले होते, तेव्हा आम्ही होनोलुलूचा इओलानी राजवाडा पाहिला. राणींना १८९५ मध्ये बंडाची माहिती दडवल्याच्या आरोपावरून त्याच राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत जवळजवळ आठ महिने डांबले होते. त्या खोलीत काचेआड एक गोधडी ठेवली आहे. राणी आणि त्यांच्या सोबतिणींनी कैदेत शिवलेली. माझी आजी शिवायची तशीच तुकड्याला तुकडा जोडलेली, फक्त रेशमाची. मधोमध हवाईचे झेंडे, आजूबाजूला धाग्याने भरलेली नावे आणि तारखा. राणींना वर्तमानपत्र द्यायची मनाई होती, म्हणून बाहेरचे लोक फुले वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवत आणि राणी तो कागद उलगडून वाचत, असे तिथल्या बाईंनी सांगितले. मी त्या गोधडीसमोरून बराच वेळ हलले नाही. मुलगा दोनदा हाक मारून गेला.

आणि १८९७ ची ती याचिका! सामिलीकरणाच्या विरोधात २१ हजारांवर सह्या. हवाईयन वंशाची माणसे तेव्हा सगळी मिळून चाळीस हजारांच्या आत होती, मुलेबाळे धरून. त्यांचे प्रतिनिधी ते कागद घेऊन वॉशिंग्टनला गेले, सिनेटरांना भेटले आणि सामिलीकरणाच्या कराराला सिनेटमध्ये लागणारी दोन तृतीयांश मते जमली नाहीत. आमचे रंगो बापूजी सातारच्या गादीसाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दारे ठोठावत राहिले, त्यांची मला इथे आठवण होते. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध सुरू झाले, पॅसिफिकमध्ये आरमाराला तळ हवा झाला आणि करार बाजूला ठेवून साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने काम उरकले. ७ जुलै १८९८ ला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची सही झाली. १२ ऑगस्टला त्याच राजवाड्यावरून हवाईचा झेंडा उतरवला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९९३ मध्ये ठराव करून राणींना पदच्युत करण्यातल्या अमेरिकी सहभागाबद्दल माफी मागितली. ज्यांनी बेटे घेतली ते माफी मागतात आणि आपण मराठीत ‘नागरिकांची मागणी’ छापतो, याचे वाईट वाटते.

लेखासोबतच्या नकाशाबद्दलही लिहिते. पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स आणि क्युबा एकाच रंगात दाखवले आहेत. पहिले तीन अमेरिकेने स्पेनकडून स्वतःच्या ताब्यात घेतले, त्यात फिलिपिन्ससाठी २ कोटी डॉलर मोजले. क्युबावर १९०२ पर्यंत लष्करी अंमल होता, पण तो देश अमेरिकेत सामील केला नव्हता. शाळेतली मुले पुरवणीतले नकाशे कापून वहीत चिकटवतात. मी छत्तीस वर्षे वर्गात ते पाहिले आहे. गेल्या दिवाळीत अशाच एका चुकीबद्दल मी पत्र पाठवले होते, त्याची पोचही आली नाही. या वेळी निदान नकाशाची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा