माधव येतोय तुझ्याकडे

लातूर

प्रिय दिनू,

किती महिने पत्र नाही, रागावला असशील. इकडे सगळं ठीक, आईचे गुडघे तसेच. आज लिहितोय ते माधवसाठी.

त्याचं सेसना विमान उतरताना नाकावर बसलं हे कळलं असेलच. लेकराला खरचटलंसुद्धा नाही. पण नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, मोडलं, इंजिनामागच्या फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती पडली, प्रॉपेलरची पाती वाकली. पाती जमिनीला लागली म्हणजे इंजिन उघडणं आलंच.

जो तो म्हणतोय, वाऱ्यानं घात केला. तेच मला खुपतंय, आणि का खुपतंय हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार? लेकराच्या डोक्यात हे बसलं, तर आयुष्यभर वाऱ्याला भिईल आणि शिकणार काहीच नाही.

वारा होता, नाही कुठं म्हणतोय! वळवाचा ढग लांबच असताना दुपारी अचानक सुटतो ना, तोच. १८ नॉट (ताशी सागरी मैल), झोत २८ पर्यंत, धावपट्टीला डावीकडून ५० अंशांनी. म्हणजे आडवा वारा एरवी १४, झोतात २१. या सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचे १५ दिलेत. ती कायद्याची मर्यादा नाही, त्या वाऱ्यात उतरवून दाखवलंय एवढाच तिचा अर्थ; पण नवशिक्यानं हिशेब झोताचाच धरावा आणि सरळ दुसरी पट्टी गाठावी. यानं १८ चाच धरला.

तरी विमान मोडलं ते वेगानं. झोताचा फरक १०, त्यातला निम्मा उतरण्याच्या वेगात मिळवायचा, ६५ नॉटचे ७० करायचे. यानं धास्तीनं ८० ठेवले, वर फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, पूर्ण ३० अंश. आपली पट्टी २,००० फुटांच्या आसपास. ४० अंशांच्या उन्हात तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगाच्या घड्याळात ८० म्हणजे खरा वेग ८५ च्या वर. विमान तरंगतच राहिलं, उजवीकडे सरकायला लागलं, आणि पट्टी संपेल या भीतीनं यानं योक, म्हणजे हातातलं सुकाणू, पुढे ढकलला. नोजव्हील आधी टेकलं, उसळलं. यानं परत ढकलला. ढकललेलं विमानाला उशिरा कळतं, तोवर नाक आपणहूनच खाली निघालेलं असतं, म्हणून दरवेळी धक्का मोठा. तिसऱ्या उसळीत चाक गेलं.

पहिल्याच उसळीला गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर: पूर्ण थ्रॉटल, पायानं उजवा रडर (शेपटीची झडप), कार्ब हीट (कार्बोरेटरची गरम हवा) बंद, फ्लॅप २० वर, आणि चढायला लागलं की उरलेले टप्प्याटप्प्यानं. एवढं केलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. गो-अराउंड म्हणजे हरणं, हे कुणी भरवलं रे या पोरांच्या डोक्यात?

आता तूच त्याला हाती धर. आपलं जुनं भांडण मात्र त्याच्यापुढे काढू नकोस. तू शेवटपर्यंत क्रॅबवाला, नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून येणारा; मी फायनलवर, म्हणजे पट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, लांबूनच वाऱ्याकडचा पंख खाली घालणारा. मी अजून माघार घेतलेली नाही! त्याला दोन्ही दाखव. डावीकडचा वारा असेल तर फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, उजव्या रडरनं नाक पट्टीच्या रेषेत, डाव्या एलेरॉननं (पंखाच्या टोकाकडची झडप) सरकणं बंद, डावं चाक आधी. आणि चाक टेकलं की ही पोरं सुटल्यासारखा एलेरॉन सरळ करतात, तिथं डोळ्यांत तेल घालून बघ. वेग उतरेल तसा एलेरॉन वाऱ्याकडे वाढवत न्यायचा, पार शेवटपर्यंत.

पहिले काही दिवस उतरवूच नको. सकाळच्या आठ-दहा नॉटच्या आडव्या वाऱ्यात पट्टीवरून पाच-दहा फुटांवर, थोडी पॉवर ठेवून, मधली रेषा धरून शेवटपर्यंत न्यायला लाव आणि वर काढ. पायांना सवय झाली की हात आपोआप शांत होतात. मग मुद्दाम उसळी मारून दे आणि गो-अराउंड त्याच्याकडूनच करून घे, न सांगता थ्रॉटलवर हात जाईपर्यंत.

ओरडू नकोस. रात्री झोपत नाही म्हणे. चार कप चहा पोटात गेल्याशिवाय दिनूकाका बोलत नाहीत, एवढं त्याला सांगून ठेवलंय.

घराचा स्लॅब पडला का? पिंकीच्या निकालाचं कळव. वहिनींना नमस्कार. माधव सोमवारी पोचेल, स्टँडवर कुणालातरी पाठव.

तुझा,
बाळू