जर्मनीतल्या गटिंगेनहून पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, तब्येतही छान.

बाबा, गाईड महिनोन्‌महिने भेटत नाहीत असं तुम्ही कुणाकडून ऐकलंत? माझ्या गाईडबाई दर आठवड्याला समोर बसवून विचारतात, "कुठे अडलंय?" झालेलं नाही, अडलेलंच सांगायचं. गणितातली सिद्धता अर्धवट असली तरी सेमिनारमध्ये फळ्यावर मांडायला लावतात. सगळे मिळून तिच्यातल्या चुका काढतात आणि नंतर तीच मंडळी माझ्या शोधनिबंधाची ओळन्‌ओळ तपासून देतात. त्यामुळे मी एकटी पडेन ही भीती मनातून काढून टाका.

एकटीला अशी साथ देणं या गावाला नवीन नाही. गणितज्ञ एमी नोएदर 1915 साली इथे आल्या तेव्हा बाईला विद्यापीठात शिकवायची परवानगी नव्हती. इथले गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट यांनी तास स्वतःच्या नावावर जाहीर केले आणि शिकवलं नोएदरबाईंनी. तो हक्क त्यांना 1919 मध्ये मिळाला. 1933 मध्ये नाझींनी कामावरून काढलं, तरी त्या विद्यार्थ्यांना घरी बोलावून शिकवत राहिल्या. पहिल्या वर्षाच्या मुलांचा सरावाचा तास आता मी घेते, तेव्हा मला त्यांची फार आठवण येते. पुढे शिकवायचंच, हे माझं त्या वर्गात पक्कं झालं.

आई, फोटोतल्या त्या पुठ्ठ्याच्या टोपीचं तू विचारलं होतंस. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा संपली की सोबतचे लोक ती टोपी स्वतः बनवून परीक्षा दिलेल्याच्या डोक्यावर घालतात. त्या माणसाच्या संशोधनातली, आवडीनिवडीतली चिन्हं तिच्यावर चिकटवलेली असतात. मग त्याला सजवलेल्या हातगाडीत बसवून ओढत जुन्या टाऊन हॉलपुढच्या कारंज्यावर नेतात. तिथे गूज (पाळीव हंस) राखणाऱ्या मुलीचा पुतळा आहे; मूळ पुतळा 1901 सालचा, आता तिथे त्याची प्रतिकृती आहे. नव्या डॉक्टरने वर चढायचं, तिला फुलं द्यायची आणि तिच्या गालाचा मुका घ्यायचा! 1926 मध्ये यावर बंदीही आली होती, पण कुणी जुमानलं नाही. परवा माझ्या सीनियरची गाडी मीही ओढली. त्याच्या घरचं कुणी येऊ शकलं नव्हतं, म्हणून आम्ही जास्तच टाळ्या वाजवल्या.

कर्जाचा हप्ता या महिन्यापासून मी भरणार. बाबा, वाद नको. पगार अर्ध्या वेळेचा असला तरी पुरतो, मी काही कमी करत नाही.

ताईच्या साखरपुड्याला मात्र येता येणार नाही. त्याच आठवड्यात परिषदेत माझं भाषण आहे आणि बाईंनी माझं नाव स्वतःहून सुचवलंय. ताईला मी फोनवर सांगितलं, ती "जा गं" म्हणाली आणि लगेच विषय बदलला. तिची समजूत तूच काढ, आई. लग्नाला मी नक्की येणार, रजेचं बाईंशी बोलून ठेवलंय. तारीख धरायच्या आधी मला कळवा. माझ्या स्थळाचं तेव्हा समोरासमोर बोलू, तोवर आत्याला कुणाला शब्द देऊ देऊ नका.

तुमची,
छोटी