टाकीची भिंत ओतायच्या आधी

गडचांदूर, दि. २ ऑगस्ट

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

रात्रीचे साडेअकरा झालेत. शटडाऊनची, म्हणजे यंत्रं बंद ठेवून चालणाऱ्या दुरुस्तीची, रात्रपाळी चढली आणि मला तासभर उसंत मिळाली, म्हणून लिहायला बसलो. इथे आत फोन नेऊ देत नाहीत. पुढचे अठरा दिवस मी तुला हाकेला सापडेन असं धरून चालू नकोस. सोमवारपासून मारेगाव रोडच्या जिनिंगचं काम तुझ्या हाती आहे. हायड्रंटची म्हणजे आगीच्या पाण्याची लाईन, कापूस ओढायचे डक्ट आणि कॉम्प्रेसरची हवेची लाईन, तिन्ही. तुला पाईप शिकवायची गरज नाही, ते तू कॉलेजात आणि आपल्या शेडमध्ये दोन्हीकडे शिकलीस. पण ठेका चालवणं वेगळं असतं, आणि त्यातलं जे मला महाग पडलं ते तुला आधीच कळलेलं असावं असं वाटतं.

पहिली गोष्ट टाकीची. पंपासाठी जी पाण्याची टाकी बांधतात, तिची भिंत बुधवारी ओतणार असं सिव्हिलवाले म्हणत होते. आपल्या सक्शनचे, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणारे, पाईप त्या भिंतीतून आरपार जातात. तिथे नुसतं भोक ठेवून भागत नाही, पडल फ्लँज बसवावा लागतो. म्हणजे पाईपचा तुकडा आणि त्याच्या मधोमध चहूबाजूंनी वेल्ड केलेली लोखंडी थाळी. ही थाळी काँक्रीटच्या पोटात राहते आणि पाईपच्या कडेकडेनं झिरपणारं पाणी तिथेच अडतं. ती ओतण्याआधीच सळईत बांधावी लागते. नंतर कोअर कटिंग करून, म्हणजे तयार भिंतीला गोल भोक पाडून, पाईप घातला तर केमिकल भरा, ग्राउट मारा, काही करा, टाकी पाझरतेच.

तू सहावीत होतीस तेव्हाची गोष्ट. तालुक्याबाहेर एक मोठं काम मिळालं होतं, आपल्या ताकदीच्या जरा वरचंच. मी सिव्हिलच्या सुपरवायझरला चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, "भाऊ, भिंत ओताच्या आंधी मले फोन कर, माहे तीन फ्लँज बसवाचे हायेत." तो हो म्हणाला. फोन आला नाही. चौथ्या दिवशी गेलो तर भिंत उभी, शटरिंगही उतरलेलं. मालकासमोर त्यानं सरळ सांगितलं, आम्हाला कोणी काही कळवलं नाही. माझ्याजवळ दाखवायला काय होतं? एक चिठ्ठी नाही, एक मेसेज नाही. तीन कोअर माझ्या खर्चानं मारले. पुऱ्या पावसाळ्यात टाकी पाझरत राहिली आणि तेवढ्या कारणावरून माझं चालू बिल सात महिने अडकलं. नदीकडचं दोन एकर वावर त्याच वर्षी गहाण पडलं. तुला तेव्हा एवढंच सांगितलं होतं की यंदा तिथली तूर दुसरे लोक सोंगतील. ते वावर सोडवायला चार वर्षं लागली.

तो सुपरवायझर वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याच्या डोक्यात त्याची सळई, त्याचं सिमेंट, त्याचे मजूर. माझा फ्लँज त्याच्या डोक्यात का राहावा? तो माझ्या डोक्यात राहायला पाहिजे होता, आणि त्याच्या कागदावर. आपला धंदाच असा आहे की आपलं काम दुसऱ्याच्या कामाच्या पोटात बसतं. भिंत ओतणारा वेगळा, फरशी करणारा वेगळा, केबल ओढणारा वेगळा. त्यांचं काम उरकलं की आपली वाट बंद होते. म्हणून रोज सकाळी साईटवर पाय ठेवल्याबरोबर एकच बघायचं: आज-उद्या इथे काय बुजणार आहे, काय ओतलं जाणार आहे, काय झाकलं जाणार आहे? त्यातल्या ज्याच्या पोटात आपलं काही आहे तिथे आधी उभी राहा. आणि जे बोललीस ते त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठव: "आज ठरल्याप्रमाणे टाकीच्या पूर्वेकडच्या भिंतीत १५० मिमीचे दोन आणि २०० मिमीचा एक फ्लँज बसवून झाल्यावरच काँक्रीट होईल." एवढं पुरे. त्यात भांडण नाही, उपकार नाही. चांगल्या माणसालाही त्याचा आधारच होतो.

जमिनीखालच्या हायड्रंट लाईनचंही असंच. खंदक बुजवण्याआधी मालकाच्या इंजिनिअरला सोबत घेऊन माप घ्यायचं आणि मापाच्या वहीवर दोघांच्या सह्या. मातीखाली गेलेल्या पाईपचं बिल कोणी खुशीनं देत नाही. मी दहा ठिकाणी बघितलं आहे, खणून दाखवा म्हणतात.

आणि खंदक म्हटलं की आपली काळी माती. इथली माणसं नाही, माती शिकवते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. पाईप थेट तिच्यात ठेवला तर वर्षभरात ती त्याला वर-खाली ढकलते आणि सांधे ताणले जातात. म्हणून खाली वाळूचा थर, बाजूला आणि वरही वाळू, मग मुरूम. आपल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे गंज रोखणारी ४ मिमीची टेप पाईपला नीट गुंडाळलेली हवी, सांध्यावर वेल्डिंगनंतर पुन्हा, आणि होलिडे टेस्ट, म्हणजे टेपला कुठे छिद्र राहिलं का याची विजेनं तपासणी, झाल्याशिवाय खाली उतरवायचा नाही. जेसीबीवाला घाईत कडा सरळ उभ्या कापतो. या दिवसांत तशी कड कधी सुटेल सांगता येत नाही. कंबरेपेक्षा खोल खंदकात कड तिरपी केल्याशिवाय किंवा फळ्या लावल्याशिवाय एकही माणूस उतरू द्यायचा नाही. तू ओरडलीस तरी चालेल. काम थांबलं तरी चालेल. या एका बाबतीत मला नुकसानीचा हिशोब सांगू नकोस.

वेळेचं सांगतो. कापूस दसऱ्यापासून दिसायला लागतो आणि दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते. मालकाला दसऱ्याला पूजा करून गिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, सुरू करायचा आहे, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याचा हंगाम चारपाच महिन्यांचा. तू दसऱ्यापासून मागे मोजत ये. शेवटचे आठ दिवस चाचणीचे. त्याआधी पंप बसवणं. पंप आणि डिझेल इंजिनची ऑर्डर मी जूनमध्येच दिली, कारण ते मला आजवर दोन महिन्यांच्या आत कधी मिळालेले नाहीत. दर सोमवारी पुरवठादाराला फोन कर आणि तारीख विचार, "येईल" हे उत्तर घेऊ नकोस. मग मधले दिवस मोज, आणि त्यातून पोळ्याचे चार दिवस आधीच वजा कर. पोळ्याला आणि तान्ह्या पोळ्याला आपल्याकडचा एकही हेल्पर कामावर येणार नाही, आणि त्यानं यावं असं मलाही वाटत नाही. बैल असो नसो, गावाला तो दिवस हवा. सप्टेंबर सरता सरता सोयाबीनची सोंगणी लागते, तेव्हा निम्मी पोरं वावरात जातील. आपले दोन वेल्डर बिहारचे आहेत, ते छठला जाणार, पण तोवर आपलं वेल्डिंग उरकलेलं असेल. म्हणून जड वेल्डिंग सगळं ऑगस्टमध्ये ओढ. शक्य तेवढे तुकडे आपल्या वणीच्या शेडमध्येच जोडून ट्रकनं ने. शेडमध्ये पाऊस नाही, पाईप फिरवून खालच्या हातानं वेल्ड मारता येतो, आणि साईटवर फक्त फ्लँज जोडायचे राहतात.

वेल्डिंगच्या रॉडकडे लक्ष ठेव. ७०१८ चा रॉड ओल पितो. पुडकं फोडून उघड्यावर ठेवलं की वेल्डमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि ती टेस्टच्या दिवशी रडतात. ओव्हन मी गाडीत टाकून दिलं आहे. वेल्डर म्हणेल की काही होत नाही. तरी ओव्हनमधूनच काढून द्यायचा.

सपोर्टचा हिशोब तू स्वतः कर, मिस्त्रीवर सोडू नकोस. १५० मिमीचा सी क्लास (जाड) पाईप रिकामा असताना मीटरला २१ किलोच्या आसपास भरतो, पाणी भरलं की ४० किलो होतो. मिस्त्रीच्या खांद्याला रिकाम्या पाईपचं वजन माहीत असतं. शेडच्या बाहेरून जी ६० मीटरची उघडी लाईन जाते तिचंही बघ. डिसेंबरच्या पहाटे पाईप १० अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात ६० वर जातो, हात ठेववत नाही. लोखंड मीटरला दर अंशाला ०.०१२ मिमी वाढतं. म्हणजे ६० मीटरला ३६ मिमी, जवळजवळ दीड इंच. दोन्ही टोकं आवळून टाकली तर हा दीड इंच कुठे जाईल? तो भिंत ढकलेल नाहीतर फ्लँजचं गॅस्केट चिरडेल. नकाशात मी मधे लूप, म्हणजे ही वाढ सामावून घेणारा वळसा, दाखवला आहे. जागा अडते म्हणून तो काढा असं कोणी म्हटलं तर काढू नकोस.

डक्टचं काम दिसायला सोपं, पण मला सगळ्यात जास्त तेच प्रिय आहे. पत्र्याचा सांधा असा लागला पाहिजे की आतून कापूस ज्या दिशेनं वाहतो त्या दिशेला कड झोपलेली असावी, समोर उभी नको. स्क्रूचं टोक आत निघता कामा नये. हे डोळ्यानं कळत नाही. प्रत्येक सांधा जोडला की सरकी असलेला मूठभर कापूस घे, हात आत घालून सांध्यावरून ओढ. एक तंतू जरी अडकला तर तिथे कानस मार. जिथे एक तंतू अडकतो तिथे महिन्यानं बोळा होतो, बोळ्यावर खडा येऊन आपटतो, ठिणगी पडते. कापसाला लागलेली आग वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या आत दिवसदिवस धुमसत राहते. एक गाठ १७० किलोची असते. ती फोडून बघेपर्यंत शेजारच्या दहा गेलेल्या असतात. त्या कापसात ज्यांची वर्षभराची कमाई असते त्यांच्यातलेच आपण आहोत, म्हणून सांगतो.

याच कारणानं, गिनच्या शेडमध्ये कटिंग-वेल्डिंग करायचं असेल तर आधी लेखी परवानगी, खाली झाडलोट, ओलं पोतं, पाण्याच्या बादल्या आणि एक माणूस फक्त पहारेकरी म्हणून. काम संपल्यावरही त्यानं अर्धा तास तिथून हलायचं नाही.

टेस्ट पहाटे लाव. पाण्यानंच, हवेनं नाही. दाबलेली हवा कोंडून ठेवली आणि सांधा सुटला तर तो माणूस मारतो, पाणी फक्त भिजवतं. सर्वात उंच जागेचा कॉक उघडून सगळी हवा निघू दे, मग दाब चढव. आपला कामाचा दाब चौरस सेंटिमीटरला ७ किलो आहे, म्हणजे दीडपट साडेदहा किलो, दोन तास. गेज दोन लाव, एकावर विश्वास नको. पहाटे यासाठी की ऊन चढलं की कोंडलेलं पाणी तापतं आणि काटा आपोआप वर सरकतो. गळती असली तरी ती त्यात लपते. आणि त्या दोन तासांत तू स्वतः लाईनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, प्रत्येक फ्लँजखाली हात फिरव.

पैशाचं आईला सगळं माहीत आहे, तिला विचारत जा. फक्त एवढं ध्यानात ठेव की बिल दिलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, मालकाकडून पैसे येवोत न येवोत. म्हणून जेवढ्या कामाची मापं सही झाली तेवढ्याचंच बिल घाल. बिलातून राखून ठेवलेले ५ टक्के, म्हणजे रिटेन्शन, वर्षभर त्यांच्याकडे राहणार आहे, ते आपलं नाही असं समजूनच खर्च कर. पोरांचा हप्ता मात्र शनिवारी झालाच पाहिजे. मालकाचा चेक आला नाही हे कारण मी चोवीस वर्षांत हजेरीवरच्या माणसाला दिलेलं नाही. आणि ज्याचं नाव हजेरीत आणि विम्यात नाही तो गेटच्या आत नको, मग तो कोणाचाही भाचा असो.

मिस्त्रीमामांना मामाच म्हण. ते माझ्याआधीपासून फिटर आहेत, चंद्रपूरच्या वीज केंद्रात आम्ही दोघं एकाच गँगमध्ये हेल्पर होतो. ते तुझ्यासमोर सुरुवातीला गप्प राहतील. त्यांना सगळ्यांदेखत चुकीचं म्हणू नकोस, नकाशा घेऊन बाजूला बस आणि विचार, "मामा, हे असं केलं तर?" ते बरोबर असतील तेव्हा तसं मोठ्यानं सांग. कोणी म्हणेल, "बाईमाणूस काय साईट पाहीन?" त्याला उत्तर देत बसू नकोस. तुझी मापाची वही बरोबर असली की आठ दिवसांत तेच लोक तुला विचारायला येतात. मी तुला पहिल्यांदा खंदकाच्या काठावर उभं बघितलं, टेपचं दुसरं टोक धरून, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. आकडा मी चुकीचा वाचला होता आणि तू दुरुस्त केलास. मी तो दिवस विसरलेलो नाही.

भोंगा वाजतो आहे, जायला पाहिजे. फ्लँज शेडमध्ये रंग न लावता ठेवले आहेत, काँक्रीटमध्ये जाणाऱ्या लोखंडाला रंग मारू देऊ नकोस, नाहीतर सिमेंट धरत नाही. मंगळवारी संध्याकाळी तिन्ही फ्लँजचे फोटो काढ, टेप लावून, तळापासूनची उंची दिसेल असे. सिव्हिलच्या माणसाला पाठव आणि मलाही. मी रात्री बाहेर आलो की बघीन.

आईला सांग, इथे जेवण बरं आहे.

तुझे,
बाबा