सांवेरला पत्र

राजेंद्र नगर, इंदूर
देवउठनी ग्यारसच्या आदल्या दिवशी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या मुलाने पत्र पाठवावं म्हणजे काय, असं म्हणून आई हसेल. पण बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. ओरडायचं ते गेल्या रविवारी ओरडून झालंच.

दलाल ओसरीवर बसून बिघ्याचा भाव सांगत होता, आणि मी त्याच्यासमोर म्हणालो, ‘विकून टाका, या वयात काय करून राहिलात तुम्ही?’ तुम्ही उत्तर दिलं नाहीत. टोपी घातलीत, काठी घेतलीत आणि शेतावर गेलात. चहावर साय धरली. दलाल मला म्हणाला, ‘भिया, बाऊजी को समझाओ,’ आणि मी मान डोलावली. आठ दिवस ते मान डोलावणंच टोचतंय.

मी मागोमाग आलो होतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. बांधावरच्या बाभळीपाशी थांबलो. पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, दिलेल्या वावरात तुम्ही उकिडवे बसला होता. वितभर खालची माती उकरलीत, मुठीत दाबून तिचा लाडू केलात, गुडघ्यावर हात टेकत उठलात आणि तो कमरेएवढ्या उंचीवरून सोडलात. फुटला नाही, नुसता चपटा झाला. ‘अजून वेळ आहे,’ म्हणालात. जवळपास कोणीच नव्हतं.

माती पेरणीजोगी ओली झाली की नाशिकचे मामा त्याला वापसा म्हणतात, आपल्याकडे बतर. काळ्या मातीत ती येते आणि बघता बघता जाते. आधी शिरलं तर फाळाला चिखल, उशीर केला तर हिवाळाभर ढेकळं. एकोणतीस वर्षं मी बँकेत लोकांच्या जमिनीचे कागद तपासतोय, पण त्या लाडवाकडे बघून मला काही म्हणजे काही कळलं नाही.

घरी परतताना सोयाबीनचं पहिलं वर्ष आठवत होतं, म्हणजे तुमच्या तोंडून ऐकलेलं. पावसाळ्यात मालव्याची काळी जमीन पडीत ठेवायची आणि मुरलेल्या ओलीवर एकच गहू-हरभरा घ्यायचा, हा आजोबांचा कायदा. सत्तरच्या दशकात ते नवं बी आलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, ‘ज्याचं वरण होत नाही ते पेरून खाणार काय?’ आई, तू हट्टाने वरण करून पाहिलंस. दिवसभर चुलीवर ठेवूनही शिजेना आणि वास घरभर. पण माझ्या आठवणीतलं सोयाबीन म्हणजे सकाळी अंगणात पसरलेलं बी. गुळाच्या पाण्यात कालवलेलं ते काळं कल्चर बाबा दोन्ही हातांनी बियाला चोळायचे आणि आम्ही बोटं चाटायला टपलेले. ‘उन्हात नको, सावलीत वाळू दे, जिवाणू मरतात.’ जिवाणू हा शब्द मी शाळेच्या आधी तुमच्याकडून ऐकला.

आणखी एक गंमत. परवा तुमची सून गच्चीवरच्या बागेचा क्लास लावून आली. फी भरून काय शिकली, तर ‘इंदूर पद्धत’! काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख, थरावर थर. मधूनमधून उलथायचं, तीन महिन्यांत खत. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने, हॉवर्डसाहेबाने, 1924 ते 1931 इथे इंदुरात राहून ती बसवली आणि जगभर नेली. मी म्हटलं, अगं, हा तर आपल्या गोठ्यामागचा खड्डा. हॉवर्डसाहेब हुशारच, पण तुम्ही म्हणता तेही खरं, ‘त्याने लिहून ठेवलं, आपण नुसतं केलं.’

केलेलं तर पुष्कळ आहे. ताईचं लग्न, धाकटीचं नर्सिंग, माझं होस्टेल, सगळं त्याच अठरा बिघ्यांतून निघालं; त्याचा हिशेब तुम्ही कधी मांडला नाहीत, मीही मांडत नाही. अनंत चतुर्दशीला तुम्ही आम्हाला इंदूरला कापड-मिलच्या झाक्या, ते चित्ररथ, दाखवायला आणायचात. हुकुमचंद मिलची झाकी येईपर्यंत मी तुमच्या खांद्यावर झोपलेला असायचो. दुसऱ्या दिवशी शेतावर मात्र तुम्ही वेळेवर. तुम्ही कधी झोपायचात?

आता, मी ‘विका’ का म्हणालो ते. पैसा हे एक कारण आहे, लपवत नाही. यंदा, 2025-26 ला, सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, आणि आपला माल कितीला गेला ते पावतीवर दिसतंच. त्यापुढे दलालाचा आकडा मोठा वाटणारच. पण खरं कारण गेल्या पौषातलं आहे. रात्रीची वीज आली म्हणून तुम्ही दोन वाजता मोटर लावायला गेलात आणि पाटात घसरलात. आईने मला ते तीन दिवसांनी सांगितलं, तेही ‘बाबांना बोलू नकोस’ म्हणून. आई, आज बोललो, रागावू नकोस.

दलालाला मी काल नाही सांगितलं. तुम्हाला विचारून सांगायला हवं होतं, पण हो म्हणतानाही विचारलं नव्हतं. सोळा बिघे यंदा बटाईने, पिकाच्या वाट्यावर, द्या, शेजारचा मुलगा तयार आहे. विहिरीकडचे दोन ठेवा. त्यात कठिया गहू पेरू, आईच्या बाफल्यांना लोकवन गहू चालत नाही ना. रात्रीचं पाणी मात्र तुम्ही द्यायचं नाही. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो बसवायला माणूस घेऊन येतो.

आणि पेरणीला मला बोलवा. माती मी दाबेन, तुम्ही नुसतं बघा. बावन्नाव्या वर्षी शिकणारा विद्यार्थी मठ्ठ असतो, तेवढं सांभाळून घ्या.

बतर आली की नुसता मिस्ड कॉल द्या. मी उचलणार नाही, निघेन.

तुमचा,
बंडू

ता. क. आई, तळायला गराडूचे कंद आणू नकोस, इथून घेऊन येतो.