यरीहोच्या वेशीवर

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू चिडलेली होतीस. होस्टेलमधल्या मैत्रिणीने विचारलं, येशूने यरीहो गावाशी बरा केलेला आंधळा एक की दोन, आणि तुझी बोलती बंद झाली. मीही 'पाळकसाहेबांना विचार' म्हणून अंग काढून घेतलं. तेव्हापासून चुटपुट लागलीय.

ती पोरगी नीट वाचते, हे आधी मान्य कर. मार्कच्या शुभवर्तमानात (10:46) येशू यरीहोतून निघताना एकच आंधळा भेटतो, तिमयाचा मुलगा बार्तीमय. मत्तयात (20:29) निघतानाच, पण दोघे, आणि दोघेही बिननावाचे. लूकमध्ये (18:35) एकच, पण गावाजवळ येताना.

माझ्या जुन्या बायबलात लूकच्या त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'दोन यरीहो!' कॉलेजात असताना एका शिबिरात ऐकलेलं: जुनं यरीहो वेगळं, हेरोद राजाच्या राजवाड्यांचं नवं यरीहो तिथून दोनेक किलोमीटरवर. एकातून निघाला, दुसऱ्याजवळ आला, भांडण मिटलं. काय खूश झालो होतो! पुढे वाचनात आलं की जुन्या यरीहोचं टेकाड येशूच्या काळी ओसाडच होतं. ओसाड टेकाडावरून एवढा लोकसमुदाय कुठून निघणार? उद्गारचिन्हाचं प्रश्नचिन्ह केलं, ते अजून आहे.

'दोघे होते म्हणजे एक होताच की' हे उत्तरही लोक देतात. मला ते वकिली वाटतं. त्यापेक्षा सांगणाऱ्याची सवय बघ. गदरेकरांच्या देशातही मार्कचा एक भूतग्रस्त मत्तयाकडे दोन होतो (8:28). लूकला तर लगेच गावात शिरून जक्कय नावाच्या जकातदाराकडे जायचंय, म्हणून त्याने आंधळ्याला वेशीबाहेरच घेतलं असावं. हा आपला माझा अंदाज.

चार शुभवर्तमानांचं एक करून झालंय बरं का. इ.स. 170 च्या सुमारास तातियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानं एकात विणली. सिरियातल्या मंडळ्यांत ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने त्याच्या 200 हून जास्त प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्या जागी पुन्हा चार शुभवर्तमानं दिली. म्हणजे ही कटकट आपल्या मंडळीने डोळे उघडे ठेवून पत्करलीय.

आणि मार्क 10:50 वाच. हाक येताच बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. मत्तय-लूककडे हे नाही. रस्त्याकडेला बसणाऱ्या भिकाऱ्याचं अंथरूण-पांघरूण तेच असणार, आणि दिसत तर काही नाही! टाकलेलं परत सापडणार कसं? तिघांची बेरीज करत बसलो तेव्हा ते वस्त्र माझ्या नजरेतून सुटलं होतं.

मैत्रिणीला एवढं सांग. मग ती मत्तय 21 मधल्या दोन गाढवांवर (बाकीच्यांकडे एकच) येईलच. ते मलाही नीट सुटलेलं नाही. नाताळात आलीस की बसू.

तुझा,
पप्पा