खोडदच्या डेटामागचे हात

नारायणगावजवळ खोडदला आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यांचा कच्चा डेटा एलटीए या तिथल्या खास स्वरूपाच्या फाइलीत येतो. लिस्टस्कॅन, मग जीव्हीफिट्स हे प्रोग्रॅम चालवले की फिट्स फाइल (खगोलशास्त्रातलं प्रचलित स्वरूप) हाती येते. इथवर सोपं. खरी कटकट पुढे: वीजवाहिन्या, मोबाइल, उपग्रह यांचा गोंगाट वेचून काढणं. हाताने करायचं तर तांदूळ निवडण्यासारखं, संपता संपत नाही.

आपलं संशोधन सांभाळून फ्लॅगिंग (खराब डेटा वगळणं) आणि कॅलिब्रेशन (उरलेल्या मापनातल्या चुका दुरुस्त करणं) यांच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्या आणि त्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक आभार! त्यातही, गोंगाट ओळखायला अमुक मर्यादा का निवडली हे कोडमध्येच लिहून ठेवणाऱ्यांचे जरा जास्तच. (असे लोक दुर्मीळ!) शोधनिबंधात लेखक म्हणून तुमची नावं क्वचितच येतात. आमच्या निबंधात निदान स्क्रिप्टचा उल्लेख नक्की असेल.